मोहराला विमा, राखणदाराला वही

कुणकेश्वरच्या मागच्या कातळावर सकाळी मतलई वारा असतो. जमिनीकडून दर्याकडे जाणारा हा वारा पडतो आणि समुद्रावरचा वारा सुटायला अजून अवकाश असतो. त्या मधल्या वेळात हापूसच्या कलमांवरची फवारणी उरकावी लागते. एकदा खारा वारा सुटला की औषध मोहरावर कमी आणि माणसावर जास्त पडतं.

फवारणीला तीन माणसं लागतात. एक पिंपाशी उभा राहून औषध कालवतो आणि पंपाकडे बघतो. दुसरा कातळावरून पाइप ओढत नेतो, तो कुठे अडकला, पिळला तर सोडवतो. तिसरा गन घेऊन कलमावर चढतो, कारण जुन्या कलमाचा शेंडा खालून भिजत नाही. तुडतुडा, फुलकिडी, भुरी, करपा या सगळ्यांचं वेळापत्रक ठरलेलं आहे. पालवी आल्यापासून फळ धरेपर्यंत पुन्हा पुन्हा फवारावं लागतं. मी पाहत होतो त्या बागेत गन हातात असलेल्या तरुणाच्या तोंडाला रुमाल होता, डोळ्यांवर काही नव्हतं. खाली उतरला तेव्हा भुवया पांढुरक्या झालेल्या होत्या. त्याने मांगराच्या पडवीतल्या बादलीतून तोंड धुतलं, चूळ भरली आणि पुढच्या कलमाकडे गेला.

तिघेही नेपाळचे. पश्चिम नेपाळातल्या कैलाली जिल्ह्यातून आलेले. देवगड तालुक्यात आणि वर रत्नागिरीपर्यंत आंब्याच्या बागा आज मोठ्या प्रमाणात या माणसांच्या भरवशावर उभ्या आहेत. पावसाळा सरला की ते येतात, शेवटची पेटी गेली की परततात. मधल्या काळात बेणणी, फवारणी, दिवसा वांदर आणि केल्डी हाकलणं, रात्री बॅटरी घेऊन राखण, मग झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट फळ उतरवणं, निवडणं, पेंढ्यात पेटी भरणं, सगळं त्यांच्याकडे. झेल्याचं काम वरवर सोपं दिसतं. देठ तुटून चीक सालीवर ओघळला तर फळ डागाळतं आणि पेटीतून बाहेर पडतं. हा हात एका हंगामात तयार होत नाही. म्हणून बागायतदार दरवर्षी तीच माणसं मागवतो.

मागवणं फोनवर होतं. दिवाळीच्या आसपास टोळीच्या म्होरक्याला फोन जातो, किती माणसं हवीत ते ठरतं, थोडी उचल पाठवली जाते. माणसं गौरीफंटा किंवा बनबसा नाक्यावरून या बाजूला येतात, रेल्वेने मुंबई गाठतात, मग कोकण रेल्वेने कणकवली किंवा नांदगाव. तिथून एसटी. या सगळ्या प्रवासात कुणी त्यांना कामाचा कागद विचारत नाही, कारण तो लागतच नाही. 31 जुलै 1950 च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांच्या देशात राहण्याची, फिरण्याची, व्यापार-उदीम करण्याची मोकळीक दिली आहे. ही मोकळीक मोलाची आहे. ती आवळली जावी असं मला मुळीच वाटत नाही. पण मोकळ्या वाटेने आलेल्या माणसाच्या कामाची नोंद दोन्हीपैकी एकाही देशात होत नाही, हे त्या मोकळिकीत अभिप्रेत नव्हतं.

नोंद कुठे होते? बागायतदाराच्या वहीत. मला त्यांनी ती वही मोकळेपणाने दाखवली. रेघांच्या पानावर तारीख, उचल, तांदूळ, तेल, मोबाइलचं रिचार्ज, घरी पाठवलेले पैसे. पानांच्या माथ्यावर नावं होती: थोरला बहादूर, धाकटा बहादूर आणि ‘नवीन’. हिशोब चोख होता, पैसे वेळेवर दिलेले होते. मी विचारलं, खरी नावं, गावं लिहून ठेवली आहेत का? ते म्हणाले, “गेल्या वर्सा इललो, औंदाय येतलो. आमचो एकमेकार इस्वास आसा. कागद कित्याक व्हयो?”

त्यांच्या विश्वासाबद्दल मला शंका नाही. ही माणसं आजारी पडली तर हेच गृहस्थ त्यांना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेतात. पण विश्वास दोन माणसांपुरता असतो. पंप फुटला, फांदी मोडली, फुरसं चावलं, तर तिसऱ्या कुणाला तरी पुरावा द्यावा लागतो. तेव्हा थोरला बहादूर या नावाने कुठलाच अर्ज भरता येत नाही.

याच बागेत बाकी कशाकशाची नोंद आहे ते पाहिलं, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं. कलमांची नोंद सातबारावर आहे, ई-पीक पाहणीत फोटोसकट आहे. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत आंबा आहे. अवेळी पाऊस, पारा घसरणं किंवा चढणं, सोसाट्याचा वारा यांपासून मोहराला आणि फळाला संरक्षण आहे. खुद्द बागायतदाराला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचं छत्र आहे. उंचावरून पडून, सर्पदंशाने, विजेच्या धक्क्याने किंवा कीटकनाशकाच्या विषबाधेने शेतकरी गेला तर कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात. हे चारही धोके या बागेत आहेत. ते रोज अंगावर घेणारा माणूस मात्र त्या योजनेत नाही, कारण त्याचं नाव ना सातबारावर ना रेशनकार्डावर.

इथून भरलेली पेटी वाशीच्या बाजार समितीत जाते. तिथे ट्रकमधून ती पाठीवर घेणारा माणूस माथाडी आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्याआधी तोही असाच बिननोंदीचा होता. टोळीत राबायचा, मिळेल ते घ्यायचा. कायद्याने मंडळं उभी केली. मालकाची नोंद झाली, कामगाराची झाली, मजुरी मंडळात जमा होऊ लागली आणि तिच्यावर मालकाने भरायच्या लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपचार, बोनस यांची सोय झाली. एकाच पेटीला हात लावणारी ही दोन माणसं आहेत. पेटी उतरवणाऱ्याला मंडळ आहे, फळ उतरवणाऱ्याला नाही. महाराष्ट्राला बिननोंदीचं काम नोंदीत आणता येत नाही असं म्हणायची सोय म्हणूनच उरत नाही. आपण ते पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी करून दाखवलं आहे, आणि त्याचं मर्म लेव्हीत होतं. नुसत्या कायद्याने वही बदलली नसती. वहीमागे पैसा उभा राहिला म्हणून ती बदलली.

राखणदाराच्या बाबतीत अडचण अशी की त्याचं अर्धं आयुष्य सीमेपलीकडे आहे. 1979 साली देशात आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी कायदा झाला, तो राज्यांच्या सीमांपुरता होता. ऑगस्ट 2021 मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम पोर्टल सुरू झालं, ते आधार क्रमांकावर उभं आहे. त्या गनवाल्या तरुणाने प्लास्टिकच्या पिशवीतून जपून काढून दाखवली ती नेपाळची ‘नागरिकता’, म्हणजे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र. तिकडे नेपाळचा 2007 चा वैदेशिक रोजगार कायदा आहे. कतार, सौदी, मलेशियाला जाणारा माणूस श्रम परवाना घेतो, कल्याण निधीत पैसे भरतो, आणि तिथे काही बरंवाईट झालं तर घरच्यांना त्या निधीतून मदत मिळते. भारतात यायला परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणून निधीतही नाव नाही. दुबईला गेलेल्या भावाच्या मागे एक निधी उभा आहे आणि कुणकेश्वरला आलेल्या भावाच्या मागे कुणीच नाही, हे एकाच घरात घडतं.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा नोंद नसण्याची किंमत कळली. हंगाम ऐन भरात होता. बागा संपल्यावर परत जायचं कसं, हा प्रश्न कोकणभर उभा राहिला. किती माणसं, कुठल्या जिल्ह्याची, कुणाच्या बागेत, हे एका ठिकाणी लिहिलेलंच नव्हतं. तिकडे सीमेवर अडकलेल्यांपैकी काहींनी घर गाठण्यासाठी महाकाली नदीत उड्या टाकल्या.

नोंद अगदीच होत नाही असं मात्र नाही. बाहेरून आलेल्या कामगारांची माहिती बागायतदारांनी पोलीस ठाण्यात द्यावी असं सांगितलं जातं आणि बरेच जण देतात. फोटो, ओळखपत्राची प्रत, मालकाचं नाव, मोबाइल क्रमांक. हव्या असलेल्या बहुतेक गोष्टी या कागदात येतात. पण तो गुन्हा घडल्यास माणूस शोधण्यासाठी आहे. त्यात पगाराचा रकाना नसतो, वारसाचा नसतो. माणसाकडे संशयित म्हणून पाहणारी नोंद आपल्याला जमली, कामगार म्हणून पाहणारी अजून जमायची आहे.

दोन्ही बाजू नोंदीला बिचकतात, तेही समजून घ्यायला हवं. बागायतदाराला वाटतं, कागद झाला की तपासणी मागे लागेल. फुलकिडी आणि लहरी हवामान यांनी आधीच कंबरडं मोडलं आहे. कामगाराला वाटतं, नाव लिहिलं की हंगामाच्या मध्ये दुसऱ्या बागेत जाता येणार नाही. त्या गनवाल्या तरुणाशी मी बराच वेळ बोललो. पगार, पाणी, माकडं, सगळ्यावर तो हसत बोलला. नोंदीचा विषय काढला तेव्हा थोडा थांबून म्हणाला, “मुझे कुछ हो गया तो घर पे फोन कौन करेगा, बस वो बता दो.”

युरोपात हा प्रश्न वेगळ्या रूपात आहे. तिथेही माणसं एका देशातून दुसऱ्या देशात फळं तोडायला, इमारती बांधायला जातात आणि पुष्कळ काम नोंदीबाहेर चालतं. त्यासाठी 2016 साली युरोपीय संघाच्या सदस्य देशांचं एक व्यासपीठ स्थापन झालं, 2019 मध्ये युरोपीय श्रम प्राधिकरण सुरू झालं आणि 2021 पासून ते व्यासपीठ त्यातच सामावलं. दोन देशांचे श्रम निरीक्षक एकत्र तपासणीला जातात, तेव्हा त्यांना दुभाषा आणि बाकीची व्यवस्था हे प्राधिकरण पुरवतं. सीमेपलीकडचं सहकार्य म्हणजे शेवटी हेच: दुभाषा, तिकीट, एक कारकून, एक फोन. ते कुणीतरी पैसे दिल्याशिवाय होत नाही.

आपल्याकडे पैशाला सीमा ओलांडायची वाट आहे. रिझर्व्ह बँकेने 2008 मध्ये भारत-नेपाळ रेमिटन्स योजना आणली. बँकेत खातं नसलेला माणूसही इथून 50 हजारांपर्यंत रोख भरून नेपाळात पाठवू शकतो. खात्यातून पाठवायची मर्यादा 2021 मध्ये 2 लाख झाली. शंभर भारतीय रुपयांना एकशे साठ नेपाळी रुपये हा दर 1993 पासून बांधलेला आहे. म्हणजे दोन बँका एकमेकींशी बोलतात. त्याच वाटेने नाव, गाव आणि कामाचे महिनेही जाऊ शकतात.

माझी मागणी मोठी नाही. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेटी कुठल्या बागेची हे सांगण्याची व्यवस्था उभी राहते आहे. त्याच पेटीमागे एक रुपया बाजूला काढावा. राज्याने त्यात भर घालावी, नेपाळच्या कल्याण निधीने भारतात येणाऱ्यांसाठी दार उघडावं, आणि या पैशातून देवगड, रत्नागिरीसारख्या ठिकाणी हंगामापुरती नोंदणी खिडकी चालावी. नेपाळी बोलणारा एक माणूस तिथे असावा. नोंदीतून मालकावर खटला न होता विमा व्हावा. पहिली काही वर्षं तरी तसंच हवं, नाहीतर कुणी खिडकीकडे फिरकणार नाही.

हे होईल तेव्हा होईल. तोवर बागायतदार बंधूंना एक विनंती. यंदा टोळी उतरेल तेव्हा वहीच्या माथ्यावर माणसाचं पूर्ण नाव लिहा. खाली जिल्हा, पालिका आणि वडा (प्रभाग) क्रमांक; हे तिन्ही त्याच्या कागदांवरून किंवा त्याला विचारून मिळतील. घरच्या एका माणसाचा फोन नंबर लिहा. महिन्याचा ठरलेला पगार लिहून त्याची सही घ्या आणि पानाचा फोटो त्याच्या मोबाइलवर पाठवा. फवारणीच्या दिवशी चष्मा आणि हातमोजे द्या. एवढ्याला कुठल्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही.