सावलीचे सांधे

कागद किंवा पुठ्ठ्यातून कापलेल्या सपाट आकृत्या मांडून, त्यांचे अवयव किंचित किंचित सरकवत प्रत्येक स्थितीचे स्वतंत्र छायाचित्र घेणे आणि ती छायाचित्रे वेगाने एकामागून एक दाखवून हालचालीचा भास निर्माण करणे, या तंत्राला कट-आउट ॲनिमेशन म्हणतात. रेखाटनाच्या ॲनिमेशनमध्ये प्रत्येक स्थितीसाठी नवे चित्र काढावे लागते. येथे बहुधा तीच आकृती पुन्हा पुन्हा वापरली जात असल्याने ती कोठे कापायची आणि कोठे जोडायची हे आधीच ठरवावे लागते, आणि पात्राची चालही पुष्कळशी तेथेच निश्चित होते. म्हणूनच या कलेला प्रेरणा केवळ कथेतून मिळत नाही. ती सांध्यातून आणि साहित्यातूनही मिळते.

बर्लिनमध्ये १८९९ साली जन्मलेल्या लोटे रायनिगर यांना लहानपणापासून कागद कापून छायाकृती करण्याचा नाद होता आणि चिनी छायाबाहुल्यांचेही त्यांना आकर्षण होते. अरबी सुरस कथांवर आधारलेला, राजपुत्र अखमेदच्या साहसांचा त्यांचा चित्रपट १९२६ मध्ये प्रदर्शित झाला, आणि आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट म्हणून तो ओळखला जातो. काळा पुठ्ठा व शिशाचा पातळ पत्रा यांतून कापलेले अवयव तारेने जोडून त्या आकृती तयार करत, खालून उजळलेल्या काचेच्या मेजावर ठेवत आणि वर टांगलेल्या कॅमेऱ्याने एकेक चौकट टिपली जाई. काळ्या आकृतीला डोळे वा ओठ दिसत नसल्याने भावदर्शनाचा सारा भार चेहऱ्याच्या कडेवर, मानेच्या कलावर आणि बोटांच्या वळणावर पडला. साधनाची मर्यादाच शैली झाली.

भारतातील छायाबाहुल्यांकडे याच दृष्टीने पाहिले असता दोन भिन्न वाटा दिसतात. आंध्रातील तोलु बोम्मलाट या खेळातल्या मोठ्या, रंगीत चामडी बाहुल्यांना खांदा, कोपर, गुडघा अशा ठिकाणी सांधे असतात. ओडिशातील रावणछाया या परंपरेतील बाहुली मात्र अखंड असते, आणि पडद्यापासूनचे तिचे अंतर व तिचा कल बदलून खेळ करणारा तिच्या सावलीत प्राण आणतो. अंतराचे हेच तत्त्व रशियन दिग्दर्शक युरी नॉर्श्टाइन यांच्या ‘धुक्यातला साळू’ या १९७५ च्या लघुपटात निराळ्या रूपाने आढळते; दृश्यावर अतिशय पातळ कागद ठेवून तो चौकटीगणिक कॅमेऱ्याच्या दिशेने उचलल्यामुळे तेथे धुके दाटत जाते.

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चामडी छायाबाहुल्या, कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी या तिन्ही कला जतन केल्या आहेत. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातील प्रसंगांची सुटी चित्रे एकामागून एक दाखवत गायन-निरूपणातून कथा सांगणे; या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. येथे चित्र स्वतः हलत नाही, तरीही एका चित्राकडून दुसऱ्याकडे जाताना कथा पुढे सरकते, कारण मधली हालचाल निरूपणाच्या आधाराने प्रेक्षक मनात पूर्ण करतो. कट-आउट ॲनिमेशनचा नवा प्रकल्प हाती घेणाऱ्याला या पोथीतून कोणता अवयव हलवावा याइतकेच कोणता स्थिर ठेवावा हेही शिकता येते.