निर्दोष, पण मोकळा नव्हे

एखाद्यानें भरदिवसां खून केला आणि तो वेडाच्या भरांत केला असें ठरवून न्यायालयानें त्याला निर्दोष म्हटलें, अशी बातमी आली म्हणजे आमच्या छत्रपति संभाजीनगरांत घराघरांतून एकच प्रश्न उठतो : 'म्हणजे हा इसम उद्यां आमच्याच गल्लींत हिंडावयाचा कीं काय?' प्रश्न रास्त आहे. नुसत्या दयेचें उत्तर देऊन तो सुटणार नाहीं.

महाराष्ट्रांतीलच एक खटला घ्या. 24 एप्रिल 1987 रोजीं एका पोलीस शिपायानें वाटणाच्या दगडानें आपल्या पत्नीचा जीव घेतला. दिवसाउजेडीं हें घडलें, आणि लपण्याचा वा पळण्याचा यत्न त्यानें केला नाहीं. सत्र न्यायालयानें शिक्षा दिली, उच्च न्यायालयानें ती कायम केली. परंतु त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, हा विकार होता; वडिलांनाहि मनोविकार होता; आणि घटनेनंतर लवकरच त्याच्यावर वारंवार उपचार करावे लागले होते. हें सारें ध्यानांत घेऊन सर्वोच्च न्यायालयानें 2002 सालीं ती शिक्षा रद्द केली. मध्यंतरीं पंधरा वर्षें लोटलीं होतीं.

डॉक्टरी दाखला दाखवितांच असा निर्णय मिळतो, ही समजूत मात्र चुकीची आहे. दंडसंहितेच्या 84 व्या कलमाची जागा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या 22 व्या कलमानें घेतली. कसोटी तीच राहिली. नुसता आजार पुरत नाहीं. आपण काय करीत आहों, किंवा तें वाईट वा बेकायदा आहे, हें त्या क्षणीं कळण्याचें सामर्थ्यच बुद्धिविकारामुळें उरलेलें नसावें लागतें, आणि तें दाखविण्याचा भार आरोपीवर असतो.

या कसोटीचें मूळ विलायतेंत आहे. 1843 सालीं मॅकनॉटन नांवाच्या भ्रमिष्टानें पंतप्रधान पील यांच्या चिटणिसाला गोळी घालून मारलें. ज्यूरीनें त्याला निर्दोष ठरवितांच लंडनमध्यें एकच गहजब झाला. पण मॅकनॉटन घरीं गेला नाहीं. प्रथम बेथलेम व पुढें ब्रॉडमूर येथील वेड्यांच्या इस्पितळांत तो राहिला आणि 1865 सालीं वारला. फांशी चुकली; सुटका झाली नाहीं.

आपला कायदाहि असेंच सांगतो. त्यानें कृत्य केलें कीं नाहीं, हें निकालांत स्पष्ट लिहावें लागतें. केलें असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 374 व्या कलमान्वयें न्यायाधीश त्याला सुरक्षित जागीं ठेवण्याचा हुकूम करितात. अथवा एखाद्या आप्तानें वा मित्रानें अर्ज केल्यास, तो स्वतःस वा इतरांस इजा करणार नाहीं असा जामीन घेऊन त्याला त्यांच्या स्वाधीन करितात. अमुक वर्षांनीं दार उघडेल, असें येथें आधीं ठरलेलें नसतें. तो धोक्याचा राहिला नाहीं असा अधिकृत दाखला मिळाल्यावरच सरकार त्यास सोडूं शकतें.

शिक्षा झाल्यावर जडलेल्या विकाराची गोष्ट निराळी. दोन अल्पवयीन मुलींवर अत्याचार करून त्यांचा खून केल्याबद्दल महाराष्ट्रांतील एका कैद्यास फांशी झाली होती. तुरुंगांत त्याला गंभीर मनोविकार जडला, म्हणून 2019 सालीं सर्वोच्च न्यायालयानें फांशीऐवजीं मरेपर्यंत तुरुंगवास दिला. अपराध माफ झाला नाहीं.

कागदावर व्यवस्था चोख आहे. माझी तक्रार जागेविषयीं आहे. सरकारचीं जुनीं चार मनोरुग्णालयें नागपूर, ठाणें, येरवडा व रत्नागिरी येथें आहेत; मराठवाड्यांत त्यांपैकीं एकहि नाहीं. आमच्याकडे हर्सूलचा तुरुंग आहे, उच्च न्यायालयाचें खंडपीठ आहे, घाटीच्या इस्पितळांत मनोविकारांचा विभाग आहे. परंतु 'सुरक्षित जागा' हे शब्द लिहितांना येथील न्यायाधीशापुढें बहुधा दूरचें मनोरुग्णालय, नाहीं तर तुरुंगच उभा राहतो. मानसिक आरोग्याच्या 2017 च्या कायद्यानें राज्यांतील निदान एका तुरुंगांत अशा रोग्यांची सोय करावी असें म्हटलें आहे. एवढ्या थोरल्या राज्यास एक!

आतां गल्लींतल्या भीतीकडे येऊं. मनोविकाराचे बहुसंख्य रोगी कोणास बोटहि लावीत नाहींत. धोका वाढतो तो उपचार तुटल्यावर आणि दारूची जोड मिळाल्यावर. आणि घाव वाटसरूपेक्षां घरच्या माणसावरच अधिक वेळां पडतो. म्हणजे कायदा ज्यांना जामीन राहावयास सांगतो, तींच माणसें धोक्याच्या तोंडाशीं उभीं असतात. सही करणाऱ्या थोरल्या भावाला, रोग्यानें गोळ्या थुंकून टाकल्या तर कोणाकडे धांवावयाचें, हें न्यायालयाच्या पायऱ्यांवर कोणी सांगत नाहीं.

टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक 2022 पासून चालूं आहे. शिवाय, मनोविकारामुळें एखादा माणूस स्वतःला वा दुसऱ्याला धोक्याचा झाला आहे असें सकारण वाटल्यास, त्याला ताब्यांत घेऊन 24 तासांच्या आंत जवळच्या सरकारी इस्पितळांत नेणें हें 2017 च्या कायद्यान्वयें पोलिसांचें कर्तव्य आहे. कोठडींत त्याला ठेवतां येत नाहीं. आणि हें करावयास पहिला वार होईपर्यंत थांबावें लागत नाहीं.