बंदर आणि सडक : लेखांक 6 – संप गोदीत, खाडा रस्त्यावर

जहाजाच्या उदरातून उचललेली लोखंडी पेटी क्रेनने धक्क्यावर कशी उतरते, तेथून आवारात कशी रचली जाते आणि जकातीचे सोपस्कार उरकल्यावर ट्रेलरच्या पाठीवर बसून व्यापाऱ्याच्या वखारीपर्यंत कशी पोहोचते, हे आपण गेल्या लेखांकात पाहिले. या साखळीच्या आरंभी उभा असलेला गोदीकामगार जेव्हा काम थांबवतो, तेव्हा तिच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या, आणि त्या कलहात कोणत्याही बाजूचा पक्षकार नसलेल्या ट्रकचालकाला काय भोगावे लागते, याचा विचार आज करावयाचा आहे. असा विचार मोघम राहू नये म्हणून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर 2024 च्या ऑक्टोबरात झालेल्या संपाचे उदाहरण मी घेतले आहे.

त्या वर्षी 30 सप्टेंबरच्या मध्यरात्री गोदीकामगारांची 'इंटरनॅशनल लाँगशोअरमेन्स असोसिएशन' आणि जहाज कंपन्या व धक्केचालक यांची 'युनायटेड स्टेट्स मॅरिटाइम अलायन्स' यांच्यामधील करारनाम्याची मुदत संपली, आणि 1 ऑक्टोबरचा दिवस उजाडण्यापूर्वीच उत्तरेकडील मेनपासून दक्षिणेकडील टेक्सासपर्यंत 36 बंदरांतील सुमारे 45 हजार कामगार बाहेर पडले. संपूर्ण किनाऱ्यावर असा संप 1977 नंतर प्रथमच होत होता. सहा वर्षांत 77 टक्के वेतनवाढीची कामगारांची मागणी होती. सुमारे 62 टक्क्यांवर तडजोड होऊन 3 ऑक्टोबरच्या सायंकाळी संप तहकूब झाला, आणि यंत्रांनी माणसांची जागा घ्यावी की नाही हा मूळचा बिकट प्रश्न 15 जानेवारी 2025 पर्यंत पुढे ढकलला गेला.

तीन दिवसांची ही हकीगत वाचून कोणासही वाटेल की यात ट्रकवाल्याचे फार तर तीन दिवसांचे नुकसान झाले असेल. हा हिशेब साफ चुकीचा आहे. गोदीचा संप कामगाराच्या दृष्टीने ज्या दिवशी सुरू होतो, त्याच्या कितीतरी आधी तो ट्रकचालकाच्या दारी येऊन उभा राहतो, आणि कामगार कामावर परतल्यानंतरही त्याच्या घरातून लवकर हलत नाही.

संपाची चाहूल लागताच आयातदार आपला माल मुदतीपूर्वी मागवून घेतात, काहीजण तो लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या पश्चिमेकडील बंदरांकडे वळवतात, आणि जे पूर्वेकडेच राहतात ते दरवाजे बंद होण्यापूर्वी पेट्या बाहेर काढण्यासाठी वाहतूकदारामागे तगादा लावतात. या घाईच्या दिवसांत चालकाला काम भरपूर मिळते, झोप मात्र मिळत नाही. मग एका पहाटे फाटक बंद होते. बंदरापासून जवळच्या वखारीपर्यंत पेट्या वाहणाऱ्या या चालकाला दिवसाचा पगार नसतो. त्याला मिळते ते खेपेचे भाडे, आणि खेप नाही म्हणजे भाडे नाही. ट्रकच्या कर्जाचा हप्ता आणि विम्याचा हप्ता मात्र संपावर जात नाहीत. पेटी ज्यावर ठेवून ओढतात ती चाकांची चासीही बहुधा भाड्याची असते, आणि तिचे भाडे दिवसावर मोजले जाते. निर्यातीची भरलेली पेटी आत जाऊ शकत नाही, म्हणून ती चासीवरच अडकून पडते. रिकामी पेटी परत करावी तर तिलाही फाटक बंद. आणि अशा शेकडो चासी अडकल्या की ज्याला अन्यत्र काम मिळू शकले असते त्यालाही गाडीमागे जोडायला चासी सापडत नाही. पेटीत मांस किंवा फळे असली, तर थंडाव्याचे यंत्र रात्रंदिवस चालू ठेवण्यासाठी इंधन जाळावे लागते ते निराळेच.

लांब पल्ल्याच्या चालकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांचा माल वखारींतून निघतो, आणि वखारीत साठा असेपर्यंत त्यांचे काम चालते. पश्चिमेकडे वळलेला माल पूर्वेकडे आणायचा असल्यास त्यांचे भाडे काही काळ चढतेसुद्धा.

बंदरालगतच्या चालकाला सर्वांत जाचक ठरतो तो संप मिटल्यानंतरचा काळ. समुद्रात नांगर टाकून थांबलेली जहाजे ओळीने धक्क्याला लागतात, आवारात पेट्यांचे थर चढतात, आणि फाटकापासून सडकेपर्यंत ट्रेलरांची रांग लागते. ज्याच्या एरवी दिवसाला दोन-तीन खेपा होत, त्याची एक खेप कशीबशी पुरी होते, आणि रांगेत गेलेल्या तासांचा मोबदला त्याला क्वचितच कोणी देतो. प्रथम काम नाही म्हणून त्याचा तोटा होतो, आणि नंतर काम आहे पण ते पुढे सरकत नाही म्हणून होतो. मुदतीबाहेर पडून राहिलेल्या पेट्यांचा दंड कोणाकडून वसूल करावा हा वादही याच काळात पेटतो. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने आणि 28 मे 2024 पासून अंमलात आलेल्या नियमाने हे बिल माल पाठवणाऱ्याच्या किंवा घेणाऱ्याच्या नावे काढावे, वाहतूकदाराच्या गळ्यात बांधू नये, असे ठरले; ही मोठीच सुधारणा म्हटली पाहिजे. परंतु चालकाच्या वाया गेलेल्या तासांना त्यातही स्थान नाही.

येथे थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. ही पेटी ज्याने व्यापारी उपयोगात आणली तो माल्कम मॅक्लीन मूळचा नॉर्थ कॅरोलायनातील ट्रकचालक व ट्रकमालक. 1937 साली न्यू जर्सीच्या धक्क्यावर कापसाच्या गाठी उतरण्याची वाट पाहत दिवसभर ताटकळताना आपल्याला ही कल्पना सुचली, असे तो पुढे सांगत असे. 26 एप्रिल 1956 रोजी त्याचे 'आयडियल एक्स' हे जहाज 58 पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले, आणि गोदीतील कामाचे स्वरूप पालटले. ज्या कामाला माणसांच्या टोळ्या लागत, ते क्रेन करू लागली. कामगार संघटनेने या बदलाची किंमत मागितली, आणि ती मिळवली: 1960 सालापासून पेट्यांवर ठराविक स्वामित्वशुल्क, आणि त्याच दशकात न्यूयॉर्क बंदरात वार्षिक उत्पन्नाची हमी. ट्रकचालकाचे नशीब नेमके उलट फिरले. 1980 च्या मोटार कॅरिअर कायद्याने वाहतुकीवरील दरांची बंधने सैल झाली, स्पर्धा वाढली, आणि बंदरांतील पगारी चालकांच्या जागी स्वतःची गाडी बाळगणारे 'स्वतंत्र कंत्राटदार' आले. अशा कंत्राटदारांनी एकत्र येऊन भाडे ठरवले, तर तो मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग समजला जाऊ शकतो. ज्या फाटकाशी दोघेही रोज उभे राहतात, त्याच्या आतल्या माणसाला संपाचा हक्क आहे आणि बाहेरच्याला संघटित सौद्याचाही नाही. संपकऱ्यांना मी यत्किंचितही दोष देत नाही. यंत्रापुढे आपली भाकर राखण्यासाठी त्यांनी जे केले ते न्याय्यच होते असे माझे मत आहे. माझी तक्रार आहे ती या विषम व्यवस्थेविषयी.

आपल्याकडे हेच चित्र निराळ्या रंगांत दिसते. 28 ऑगस्ट 2024 पासून आपल्या प्रमुख बंदरांतही संप व्हायचा होता. आदल्या दिवशी साडेआठ टक्के वेतनवाढीचा समझोता झाला आणि तो टळला, म्हणून न्हावा-शेव्याच्या रस्त्यावरील चालकाला अमेरिकेतील चालकाचे हाल सोसावे लागले नाहीत. आपल्या गोदीकामगाराला संरक्षण देण्यासाठी 1948 साली कायदा झाला. मुंबईच्या गोदीलगतच्या रस्त्याला आज ज्यांचे नाव आहे त्या कामगारनेते पी. डि'मेलो यांच्या पिढीने तो कागदावरून धक्क्यावर आणण्यासाठी झुंज घेतली. 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी कायदा केला, आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाला मंडळाचा आधार मिळाला. मोटार वाहतूक कामगारांसाठी 2025 पर्यंत 1961 सालचा केंद्रीय कायदा होता खरा, पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांना लागू होत असे; आणि आपल्याकडील बहुसंख्य ट्रकमालकांजवळ एक, दोन किंवा तीनच गाड्या असतात. तेव्हा न्हावा-शेव्याजवळच्या करळ फाट्यापाशी केबिनमध्ये रात्र काढणारा, स्टोव्हवर भात शिजवणारा आणि फाटकाकडे डोळे लावून बसलेला चालक बहुधा या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला.

त्या तडजोडीनंतर झालेल्या अमेरिकेतील नव्या करारनाम्याची मुदत 30 सप्टेंबर 2030 ची आहे, आणि आपल्या बंदरांतील समझोत्याची 31 डिसेंबर 2026 ची. पुढील वाटाघाटींच्या मसुद्यात फाटकाबाहेर थांबलेल्या तासांची भरपाई हे एक कलम असावे, आणि ते मांडण्यासाठी चालकांचा प्रतिनिधी त्या बैठकीत बसवावा, अशी बंदर प्राधिकरणांना, कामगार महासंघांना आणि सरकारला माझी विनंती आहे.