डोक्याचे माप

बँकेत कर्ज विभाग सांभाळताना बीडच्या मोंढ्यातील व्यापाऱ्यांची किती कागदपत्रे माझ्या नजरेखालून गेली, त्याची गणती नाही. मालाचा विमा, दुकानाचा आगीचा विमा, जामीनदाराची पत, सारे आम्ही बारकाईने तपासत असू. दुचाकीसाठी कर्ज देतानाही गाडीच्या विम्याची प्रत घेतल्याशिवाय रक्कम सोडत नसू. गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यावर काय असेल, हे मात्र मी कधी कोणाला विचारले नाही.

पुढे एका खातेदाराचा तरुण मुलगा गेवराईकडून वसुली करून परतताना महामार्गावर पडला आणि गेला. हेल्मेट होते, पण आरशाला अडकवलेले. कर्जखाते बंद करायला वडील आले, तेव्हा एवढेच म्हणाले, ‘‘साहेब, गाडीला फारसा ओरखडासुद्धा नाही हो.’’

आपल्याकडे हेल्मेट घेतले जाते ते पोलिसांसाठी; म्हणूनच ते सर्वांत स्वस्त पाहून घेतले जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरील प्रत्येकाला ते बंधनकारक आहे, मागे बसणाऱ्यालाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र, अशी तरतूद आहे. पण दंडाचा हिशेब येथे गौण आहे. १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ मोटारसायकल अपघातात गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदाने पुढे सैन्यातील मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये शिरस्त्राणाची उपयुक्तता मांडली. २००८ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यानुसार हेल्मेटमुळे अपघातातील मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा धोका ६९ टक्क्यांनी कमी होतो. बारा महिने नफा-तोटा पाहणाऱ्यांना याहून अधिक काय सांगावे?

काचसामानाच्या खोक्यात थर्माकोल का असतो, हे आपल्याला ठाऊक आहे. हेल्मेटच्या आतला जाड थर तोच. धडकेत तो स्वतः चेपतो आणि मेंदूला बसणारा धक्का शोषून घेतो. वरचे कवच कितीही चकचकीत असो, हा थर नसलेली वाटीसारखी टोपी म्हणजे केवळ देखावा. खरेदी करताना ‘आयएसआय’ चिन्ह, ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक पाहावा. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ या ॲपवर पडताळता येतो. नवी दुचाकी घेताना उत्पादकाने मानकानुसार हेल्मेट द्यावे, असा नियमही आहे. ते मागून घ्यावे.

मग येते माप. दिवसभर हातात टेप घेऊन कापड मोजणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांनी स्वतःचे डोके मोजले आहे? भुवयांच्या साधारण इंचभर वरून, डोक्याच्या मागच्या फुगवट्यावरून टेप फिरवावी आणि येणारे सेंटीमीटर हेल्मेटच्या मापाशी जुळवावेत. नवे हेल्मेट थोडे घट्टच हवे. डोके हलवले तर गालांची कातडी त्याबरोबर सरकली पाहिजे. पट्टा बांधल्यावर हनुवटीखाली दोनच बोटे मावावीत. मग मागून वर उचलून पाहावे, निघून आले तर ते आपले नव्हे. पट्टा न लावलेले हेल्मेट धडकेपूर्वीच उडून जाते. उन्हाळ्यात उपरणे किंवा जाड ओढणी गुंडाळून त्यावर हेल्मेट चढवले, की मापाची सारी मेहनत वाया. घामासाठी पातळ सुती टोपी पुरते.

‘‘घरापासून दुकान तर दोन मिनिटांवर,’’ हा युक्तिवाद मीही वर्षानुवर्षे केला आहे. स्थानकात प्रवचनाला पत्नीला मागे बसवून नेताना हेल्मेट घरीच राहत असे. आता खुंटीवर दोन असतात. ऊसतोडीच्या हंगामात अंधारात, मागे दिवा नसलेली ट्रॉली रस्त्याकडेला उभी असते, ती काही अंतर मोजून उभी राहत नाही.

आपल्या घरांत वस्तू टाकून देण्याची रीत नाही, आणि ती चांगलीच आहे. परंतु एकदा धडक सोसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी आतून चेपलेले असते. ते दुकानातल्या नोकराला किंवा पुतण्याला देऊ नये. कात्रीने पट्टा कापावा आणि मगच भंगारात टाकावे.