ताबा लांबला, व्याज सुरू

बुकिंगच्या दिवशी सेल्स ऑफिसात सांगतात, ‘पुढच्या दसऱ्याला गृहप्रवेश धरून चाला.’ माहितीपत्रकात डिसेंबर छापलेला असतो. करारनाम्यात त्याच्या पुढचं वर्ष असतं आणि वर सहा महिन्यांची मुभा. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्पासमोर आणखी वेगळीच तारीख दिसते आणि ती अधूनमधून पुढेही सरकते. घर रखडलं की ग्राहक पहिली तारीख धरून भांडतो, बिल्डर शेवटची दाखवतो. भरपाईचा हिशोब मात्र नोंदणीकृत करारनाम्यात ताब्यासाठी लिहिलेल्या तारखेपासूनच मांडला जातो.

संकेतस्थळावरची तारीख पुढे गेली म्हणजे आपला दावाही पुढे गेला, असं समजून गप्प बसणारे पुष्कळ आहेत. ते चूक आहे. स्थावर संपदा कायदा २०१६ सालचा; त्यातली बिल्डरांना जाचक वाटणारी कलमं १ मे २०१७ पासून लागू झाली. महारेराकडे प्रकल्पाची नोंदणी करताना बिल्डरला तो पूर्ण करण्याची नवी मुदत स्वतः जाहीर करता येते. मग जुन्या करारातली तारीख आपोआप बाद होते का? हा प्रश्न नीलकमल रिअल्टर्स आणि इतर विकासकांच्या याचिकांमधून मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. ६ डिसेंबर २०१७ च्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की नवी मुदत बिल्डरला कायद्याच्या दंडापासून वाचवील, पण ग्राहकाशी केलेल्या करारातली जबाबदारी त्याने पुसली जात नाही. करारात जून २०१९ असेल आणि संकेतस्थळावर डिसेंबर २०२३, तर मोजणी जून २०१९ पासून.

करारात तारीखच नसेल तर? मुंबईतल्या फॉर्च्यून इन्फ्रास्ट्रक्चरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं, की ग्राहकाला अनंत काळ थांबवून ठेवता येत नाही. तिथे तीन वर्षं हा वाजवी काळ धरला गेला. अर्थात ही वेळ येऊच देऊ नये. किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम करार नोंदवल्याशिवाय घ्यायला बिल्डरला कायद्याने मनाई आहे. तरीही निव्वळ अलॉटमेंट लेटरवर तीस-चाळीस टक्के मोजणारे महाभाग भेटतात, त्यांचं काय करावं ते कळत नाही.

आता स्थावर संपदा कायद्याचं कलम १८. ताब्याची तारीख चुकली की निवड ग्राहकाच्या हाती येते. प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर भरलेले सगळे पैसे व्याजासह परत मिळतात. घर हवंच असेल तर ताबा मिळेपर्यंत विलंबाच्या प्रत्येक महिन्याचं व्याज मिळतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे व्याजाचा दर म्हणजे स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर, म्हणजे कर्जाचा आधारभूत दर, अधिक दोन टक्के. ग्राहकाचा हप्ता थकला तरी बिल्डरला हाच दर लावता येतो. पूर्वीच्या करारांमध्ये ग्राहकाच्या उशिराला अठरा-चोवीस टक्के आणि बिल्डरच्या उशिराला चिल्लर, असा न्याय चाले. दोन्हीकडे एकच दर, हे या कायद्याचं मला सगळ्यात आवडलेलं कलम.

चिल्लर म्हणजे किती, ते पाहण्यासारखं आहे. ‘विलंब झाल्यास दरमहा चौरस फुटाला पाच रुपये’ हे कलम अनेक जुन्या करारांत सापडतं. सहाशे चौरस फुटांच्या घराला महिन्याला तीन हजार रुपये होतात. तेवढ्यात डोंबिवलीतही भाड्याची खोली मिळायची नाही. याच ग्राहकाने साठ लाख भरले असतील आणि दर समजा अकरा टक्के धरला, तर वर्षाचं व्याज सहा लाख साठ हजार, म्हणजे महिन्याला पंचावन्न हजार. बिल्डर तडजोडीच्या बैठकीत पार्किंग माफ करायला एकदम तयार का होतात, त्याचं उत्तर या वजाबाकीत आहे.

पाच रुपयांचं हेच कलम बंगळुरूच्या एका डीएलएफ प्रकल्पातल्या ग्राहकांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. २४ ऑगस्ट २०२० च्या निकालात न्यायालयाने ती रक्कम अपुरी ठरवली आणि वर वार्षिक सहा टक्के व्याज देण्याचा आदेश दिला. त्या निकालातली दुसरी बाब मला जास्त कामाची वाटते. ताबा घेताना किंवा खरेदीखत करताना ‘आमची काही तक्रार उरली नाही’ असं लिहून द्या, असा आग्रह ग्राहकांना होतो. घर हवं की हक्क, अशी ती कोंडी. न्यायालयाने ती अवाजवी ठरवली. घर ताब्यात घेतलं म्हणून भरपाईचा दावा बुडत नाही. तरी चाव्यांच्या दिवशी पुढ्यात येणारा प्रत्येक कागद वाचावा आणि ‘विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून’ अशी ओळ आपल्या हाताने लिहावी. चाव्या हा शब्दही जपून घ्यायचा. फर्निचर करण्यासाठी म्हणून दिलेला ‘फिट-आऊट’ ताबा हा कायद्याचा ताबा नव्हे. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे आपली ओसी, आल्याशिवाय ताबा पुरा होत नाही. ओसी आल्यावर मात्र दोन महिन्यांच्या आत घर ताब्यात घेणं ग्राहकावर बंधनकारक आहे. व्याज चढतंय म्हणून मुद्दाम दूर राहण्यात अर्थ नाही.

बिल्डरच्या सबबी ठरलेल्या असतात: वाळू मिळाली नाही, पालिकेने परवानगी अडवली, नोटाबंदी झाली, शेजारच्या सोसायटीने स्थगिती आणली. कायद्यातली अपवादाची यादी मात्र छोटी आहे: युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप किंवा तशीच नैसर्गिक आपत्ती. न्यूटेक प्रमोटर्स प्रकरणात ११ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तर असं म्हटलं, की करारातल्या मुदतीत ताबा मिळाला नाही, तर पैसे परत मागण्याचा ग्राहकाचा हक्क बिनशर्त आहे. अनपेक्षित घटना किंवा कोर्टाची स्थगिती त्याच्या आड येत नाही. करोनाचं प्रकरण वेगळं. त्या काळात महारेराने आदेश काढून प्रकल्पांना सहा महिन्यांच्या मुदतवाढी दिल्या. ते महिने बिल्डर वजा करायला लावतो आणि बऱ्याचदा त्याला ते मिळतातही. पण २०१८ मध्येच तारीख चुकलेल्याने करोनाकडे बोट दाखवावं, हे जरा अतीच.

राहायचं की बाहेर पडायचं, हा यातला अवघड निर्णय, आणि तो कायदा घेऊन देत नाही. स्लॅब पडलेत, भिंती झाल्यात, लिफ्ट आणि ओसी अडलीय, अशा इमारतीत थांबावं. घराची वाढलेली किंमत तुमचीच राहते आणि व्याज त्यावर. महारेरा अनेकदा हे व्याज शेवटच्या हप्त्यात वळतं करायला किंवा ओसीनंतर द्यायला सांगते, कारण लगेच वसुली केली तर कामासाठीचा पैसाच आटेल. ग्राहकाला ते खटकतं, पण त्यात तथ्य आहे. उलट, खड्डा खणून तीन वर्षं पत्रे ठोकलेले असतील, तर आशेवर राहू नये. मात्र दर महिन्याचं व्याज आणि संपूर्ण परतावा असं दोन्ही एकदम मिळत नाही, आणि बँकेच्या गृहकर्जाचं व्याजही बिल्डरच भरेल या समजात राहू नका. मोहालीच्या एका प्रकरणात २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने ते वेगळं द्यायला नकार दिला. परताव्यावरचं व्याज हीच भरपाई, अशी त्यामागची भूमिका.

तक्रार महारेराच्या संकेतस्थळावर ऑनलाइन करता येते, पाच हजार रुपये फी भरून. सोबत करारनामा, पैसे भरल्याच्या पावत्या, बँकेचा उतारा आणि बिल्डरशी झालेला पत्रव्यवहार जोडायचा. व्हॉट्सअ‍ॅपवरची ‘सर, दोन महिन्यांत नक्की’ ही आश्वासनंसुद्धा जपून ठेवावीत. वकील लावायलाच हवा असं नाही. परतावा आणि व्याज यांचा निर्णय प्राधिकरण देतं. मनस्ताप, भाडं वगैरेंची वेगळी भरपाई हवी असेल तर जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाच्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे जावं लागतं. कायद्यात निकालाची अपेक्षित मुदत साठ दिवसांची आहे. ती वाचून हसू नये, पण तिच्यावर विसंबून भाड्याचं घरही सोडू नये. मुंबई ग्राहक पंचायतीच्या सहभागाने २०१८ पासून सलोखा मंच चालतो. बिल्डर उभा आहे पण अडचणीत आहे, अशा प्रकरणात आधी तो रस्ता पाहावा. ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. महारेरा असताना तिथे जाता येतं का, हा वाद सर्वोच्च न्यायालयाच्या इंपिरिया स्ट्रक्चर्स प्रकरणातल्या २०२० मधल्या निकालाने मिटवला.

खरी दमछाक आदेश हातात आल्यावर सुरू होते. बिल्डर अपिलात गेला तर त्याला आधी ग्राहकाची देय रक्कम अपिलीय न्यायाधिकरणात भरावी लागते. ही अट न्यूटेकमध्ये टिकली आणि वेळकाढू अपिलांना तिनेच थोडा लगाम बसला. तो अपिलातही जात नाही आणि पैसेही देत नाही, तेव्हा महारेराकडून वसुली वॉरंट घ्यावं लागतं. ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली तहसीलदारांनी करायची असते. तहसीलदारांच्या टेबलावर निवडणुका, पंचनामे, सातबाऱ्याच्या तक्रारी आणि त्याखाली आपलं वॉरंट. तिथे पाठपुरावा लागतो, आणि बिल्डरच्या नावावर जप्त करण्यासारखं काय आहे ते आपणच शोधून दिलं तर काम हलतं: न विकलेली घरं, दुसरा प्रकल्प, त्याच प्रकल्पाचं खातं.

कंपनीच दिवाळखोरीत गेली तर वॉरंट थांबतं. अशा वेळी घर घेणारा दिवाळखोरी संहितेतल्या २०१८ च्या दुरुस्तीमुळे वित्तीय धनको, म्हणजे बँकेसारखा पैसे देणारा, ठरतो, हातात महारेराचा आदेश असला तरी. विशाल चेलानी प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ मधल्या निकालाने ते पक्कं झालं. वर्तमानपत्रात जाहीर सूचना आली की दिलेल्या मुदतीत दिवाळखोरीचं काम पाहणाऱ्या निराकरण व्यावसायिकाकडे आपला दावा दाखल करायचा, व्याज धरून, आदेशाची प्रत जोडून.