कॉपी होतेय... होतेय... होतेच आहे!

शुक्रवारची संध्याकाळ. साडेसात वाजलेत. खाली कॅब येऊन थांबलीय, ग्रुपवर 'कुठे आहेस?'चे मेसेज धडाधड पडताहेत आणि तुम्ही मात्र लॅपटॉपसमोर बसून त्या हिरव्या पट्टीकडे टक लावून बघताय. एक्स्टर्नल ड्राइव्हवर ६० जीबीचा फोल्डर चाललाय आणि अजून पाऊण तास बाकी आहे म्हणे! शेवटी वैतागून तुम्ही 'कॅन्सल' दाबता. बॅकअप काय, सोमवारी घेऊ!

प्रॉब्लेम असा, की तो सोमवार उगवतच नाही. स्लो ड्राइव्हमुळे पाऊण तास वाया जातो ते एकवेळ चालेल. पण त्याच्या कंटाळ्यानं बॅकअप पुढे ढकलला जातो आणि मग एक दिवस लॅपटॉपवर कॉफी सांडते. लग्नाचे फोटो, तीन वर्षांचं काम, सगळं त्या एका कपात! म्हणूनच ड्राइव्हचा स्पीड हे फक्त कम्प्युटरवेड्यांचं खूळ नाही, तुमच्या-आमच्या कामाची गोष्ट आहे. आणि बऱ्याचदा त्यासाठी नवा ड्राइव्ह घ्यायचीही गरज नसते.

सगळा खेळ चौकाचा

एक्स्प्रेस वेवरून कितीही सुसाट आलात तरी हिंजवडीच्या चौकात अडकलात की सगळं मुसळ केरात. इथेही तसंच. लॅपटॉपचा पोर्ट, केबल, मधला हब आणि ड्राइव्ह या चौघांत जो सर्वांत स्लो, त्याच्याच स्पीडनं डेटा जातो. त्यामुळे पैसे खर्च करण्याआधी आपला 'चौक' कुठला ते शोधायचं. बस्स, एवढाच फंडा.

आधी एक छोटं गणित. खोक्यावर ५ किंवा १० असा आकडा असतो, तो गिगाबिटचा. स्क्रीनवर कॉपी होताना दिसतो तो मेगाबाइटचा. आठ बिट म्हणजे एक बाइट. म्हणून ५ गिगाबिटच्या पोर्टवर चांगला एसएसडीसुद्धा सेकंदाला साधारण ४०० ते ४५० एमबीच देतो. दुकानदारानं फसवलं असं लगेच समजू नका!

पोर्ट ओळखा

२००० साली आलेल्या यूएसबी २.० ची कमाल मर्यादा ४८० मेगाबिट. प्रत्यक्षात हातात पडतात सेकंदाला ३० ते ४० एमबी. त्या हिशेबानं ६० जीबीला जवळपास अर्धा तास. २००८ मध्ये यूएसबी ३.० आलं, ५ गिगाबिटचं. तिथे एसएसडी लावला तर तेच काम अडीच-तीन मिनिटांत. पुढे याच यूएसबी ३.० चं बारसं दोनदा झालं. आधी ३.१ जेन १, मग ३.२ जेन १. नाव नवं, स्पीड तोच. त्यामुळे खरेदी करताना नावाला भुलू नका, गिगाबिटचा आकडा विचारा.

लॅपटॉपवरचा चौकोनी पोर्ट आतून निळा असेल किंवा शेजारी 'एसएस' अशी खूण असेल, तर तो बहुतेक ३.० किंवा त्यापुढचा. काळा असेल तर खात्री नाही. दोन्ही बाजूंचे पोर्ट सारखे असतीलच असंही नाही. मॉडेलचं नाव टाकून कंपनीच्या साइटवर एकदा बघून घ्या. माउस स्लो पोर्टला लावा. त्याला काही फरक पडत नाही.

खरी व्हिलन केबल!

टाइप-सी हा नुसता आकार आहे, स्पीड नव्हे. एकाच आकाराच्या दोन केबलींपैकी एक ४० गिगाबिटची असू शकते आणि दुसरी बिचारी यूएसबी २.० ची. फोनबरोबर येणाऱ्या चार्जिंगच्या केबली बहुतेक वेळा या दुसऱ्या जातीच्या. २०२३ चा आयफोन १५ प्रो स्वतः १० गिगाबिट पेलू शकतो, पण त्याच्या खोक्यातली केबल ४८० मेगाबिटचीच होती, बोला!

म्हणून ड्राइव्हबरोबर आलेली केबल हाच पहिला चॉइस. ती हरवली असेल तर लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर तपकीर गल्लीत, 'डेटा केबल द्या' एवढ्यावर थांबू नका. 'दहा गिगाबिटची द्या' म्हणा. लांबलचक केबलचा मोहही टाळा. जास्त स्पीडला आखूड केबल बरी.

आणि तो डेस्कवरचा हब? त्यात मॉनिटर, कीबोर्ड, पेन ड्राइव्ह सगळे एकाच नळावर पाणी भरत असतात. मोठी कॉपी असेल तेव्हा ड्राइव्ह थेट लॅपटॉपला लावा.

ड्राइव्हचीही एक हद्द असते

खिशात मावणारी, आत तबकडी फिरणारी हार्ड डिस्क साधारण १०० ते १४० एमबीपर्यंत जाते. जशी भरत जाते तशी आणखी मंदावते. तिला ४० गिगाबिटचा पोर्ट दिला तरी ती तेवढीच पळणार. स्पीड हवा तर एसएसडी घ्यावा लागेल. पण तिथेही मेख आहे. स्वस्तातले बरेच एसएसडी सुरुवातीला वाऱ्यासारखे पळतात आणि वेगवान कप्पा भरला की दमतात. तापले तरी स्पीड उतरतो. तेव्हा लॅपटॉपच्या गरम हवेच्या तोंडाशी ड्राइव्ह ठेवू नका. २० गिगाबिटचा महागडा ड्राइव्ह घेण्याआधी आपला लॅपटॉप तो मोड ओळखतो का तेही बघा. अनेक मॅकबुकवर असे ड्राइव्ह १० वरच धावतात.

मग सगळं बरोबर असूनही कॉपी रेंगाळते ती कशामुळे? बारक्या फाइल्समुळे. एक १० जीबीचा सिनेमा झटकन जातो, पण १० जीबीच्या पन्नास हजार फाइल्स घाम काढतात. प्रत्येक फाइलची नोंद वेगळी, तपासणी वेगळी. उपाय सोपा: आधी झिप करा, मग पाठवा. हार्ड डिस्कवर दोन कॉप्या एकदम लावू नका. एक संपली की दुसरी. आणि अँटिव्हायरस बंद करायचा शहाणपणा नको, तो त्याचं काम करतोय.

विंडोजमधलं एक बटण

डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्क ड्राइव्ह्ज'खाली आपल्या ड्राइव्हवर राइट क्लिक करा, 'प्रॉपर्टीज' आणि मग 'पॉलिसीज'. तिथे 'क्विक रिमूव्हल' आणि 'बेटर परफॉर्मन्स' असे दोन पर्याय दिसतील. २०१८ च्या विंडोज १० अपडेटपासून पहिला आपोआप निवडलेला असतो. दुसरा घेतला तर लिहिण्याचा स्पीड वाढू शकतो. पण मग ड्राइव्ह 'इजेक्ट' न करता कधीही उपटायचा नाही. स्क्रीनवर 'झालं' दिसलं तरी थोडा डेटा मेमरीतच रेंगाळत असतो. घाईनं केबल ओढणाऱ्यांनी पहिलाच पर्याय ठेवावा.

विंडोज आणि मॅक दोन्हीकडे ड्राइव्ह वापरत असाल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करणं सोयीचं, कारण मॅक एनटीएफएस वाचतो पण मूळ रूपात त्यावर लिहीत नाही. मात्र मधेच केबल निघाली तर एक्सफॅट जास्त नाजूक. आणि फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं, हे विसरू नका!

पाच मिनिटांची टेस्ट

आज एवढंच करा. पाचेक जीबीची एकच मोठी फाइल ड्राइव्हवर टाका आणि स्पीड बघा. विंडोजमध्ये कॉपीच्या खिडकीत 'मोअर डिटेल्स' दाबलं की आकडा दिसतो. ३०-४० वर अडकला, तर पोर्ट किंवा केबल बदला. १०० ते १४० च्या घरात असेल, तर ती हार्ड डिस्कची हद्द आहे, केबलवर पैसे घालवू नका. ४०० च्या वर असेल तर मस्त! जोरात सुरू होऊन मधेच बसला, तर ड्राइव्हचा दम संपला. मोठी कॉपी तुकड्यांत करा.

आणि हो, लॅपटॉपमधली जागा रिकामी करायला फोटो ड्राइव्हवर 'हलवले' तर तो बॅकअप नव्हे. कॉपी एकच राहिली, फक्त घर बदललं. दोन ठिकाणी असेल तोच बॅकअप. स्पीड हाताशी आला की त्याला तीन मिनिटं पुरतात, मग कॅबवाल्यालाही थांबावं लागत नाही.