तापविद्युत् शीतन, संगणकाचे

दोन भिन्न संवाहकांच्या जोडणीतून एकदिश विद्युत् प्रवाह जाऊ दिल्यास एका सांध्याशी उष्णता शोषली जाते व दुसऱ्याशी ती बाहेर पडते. हा परिणाम पेल्त्ये या फ्रेंच शास्त्रज्ञांना १८३४ मध्ये आढळला. लेंट्स यांनी १८३८ मध्ये बिस्मथ व अँटिमनी यांच्या सांध्यावर पाण्याचा थेंब गोठवून दाखविला. तथापि धातूंत हा परिणाम दुर्बल असल्याने व्यावहारिक शीतक १९५० नंतर, बिस्मथ टेल्युराइड या अर्धसंवाहकाचा उपयोग होऊ लागल्यावरच बनू लागले.

संगणकात अशा शीतकाची थंड बाजू प्रक्रियकाला चिकटवितात. उष्ण बाजूवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसवून त्यातून पंपाने पाणी खेळवितात. शीतक उष्णता नाहीशी करीत नाही, ती केवळ पलीकडे नेतो व स्वतः वापरलेल्या विजेची उष्णता तीत मिळवितो. उदा., प्रक्रियकाची १०० वॉट उष्णता उपसण्यास २०० वॉट वीज लागत असेल, तर पाण्याला ३०० वॉट वाहून न्यावे लागतात. मिनिटाला एक लिटर प्रवाह असल्यास पाणी सु. ४° से.ने तापते. ही सर्व उष्णता अखेर खोलीतच येते, ही गोष्ट हौशी जुळणी करणारे पुष्कळदा विसरतात. शिवाय शीतकाचा विद्युत् प्रवाह बंद पडल्यास तोच उष्णतेच्या मार्गातील अडसर ठरतो आणि प्रक्रियक झपाट्याने तापतो.

कल्याण-डोंबिवलीसारख्या खाडीकाठच्या भागात खरी अडचण दवाची आहे. पावसाळ्यात हवेचे तापमान २८° से. व सापेक्ष आर्द्रता ८५% असल्यास दवबिंदू सु. २५° से. येतो. म्हणजे थंड पृष्ठ हवेपेक्षा जेमतेम ३° से.ने खाली नेता येते. त्याहून थंड केल्यास त्यावर पाणी साचून मंडले निकामी होण्याचा धोका असतो. उलट पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात ३८° से. व १५% आर्द्रतेला दवबिंदू सु. ७° से. असतो. थंड भाग बंद पेशींच्या फेसाळ रबराने हवाबंद करणे, अथवा आर्द्रता मोजून विद्युत् प्रवाह आपोआप कमी करणे, हे यावरील उपाय होत. दुसरा मार्ग इंटेल कंपनीने २०२० मध्ये आणलेल्या क्रायो प्रणालीत अवलंबिला होता; ती २०२३ मध्ये बंद करण्यात आली.

प्रक्रियक ७०°–८०° से. तापमानालाही सुरक्षितपणे चालतो. त्यामुळे त्याला हवेपेक्षा थंड करण्याची गरज क्वचितच असते व बहुधा नुसते पाणी पुरते. पुण्याच्या आयसर संस्थेतील ‘परम ब्रह्म’ या सीडॅकने उभारलेल्या महासंगणकात द्रव थेट प्रक्रियकावरील पट्टिकांपर्यंत नेला आहे. तापविद्युत् शीतक मुख्यतः थोडी उष्णता, पण काटेकोर तापमान असेल तेथे वापरतात, उदा., प्रकाशीय संदेशवहनातील लेसर व अवरक्त अभिज्ञातक.